नाशिकचा रुपया, रियाधची परिषद

आखातातल्या सहा देशांनी एक सामाईक चलन काढायचं ठरवलं, त्यासाठी २०१० हे सालही मुक्रर केलं, आणि ते चलन आजवर निघालेलं नाही. या सहांपैकी पाच देशांच्या किनाऱ्यांवर मात्र साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एकच चलन चालत होतं. त्या नोटा आपल्या रिझर्व्ह बँकेच्या होत्या आणि छापल्या जात होत्या नाशिकला. या सहा देशांच्या आखाती सहकार्य परिषदेवर जे हाती लागेल ते मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे, पण दरवेळी पाय अडतो तो या रुपयापाशी.

भिवंडीच्या माणसाला आखाताची ओढ असतेच. इथल्या कोकणी मुसलमान घरांत कुवेत, मस्कत, जिद्दा ही नावं पिढ्यान्‌पिढ्या नात्यागोत्यातल्या गावांसारखी घेतली जातात. माणकोली, दापोडे, काल्हेर या आगरी गावांच्या भातशेतांवर आता गोदामं उभी आहेत, आणि त्यांतल्या खोक्यांवर दुबईच्या जेबेल अली बंदराचा पत्ता दिसला की मी थबकतो. ओळखीच्या एका बुजुर्ग चाचांनी उमेदीची वर्षं बहरीनला काढली होती. ते सांगायचे, "पगार रुपयातच हातात पडायचा. घरी पाठवताना भाव कुणाला विचारायचा?"

चाचांचा हा पगार समजून घ्यायचा तर १९५९ कडे जावं लागतं. त्याआधी आखातात आपला नेहमीचाच रुपया चाले. तिकडे सोनं स्वस्त, इकडे महाग. तस्कर रुपयांची पुडकी घेऊन दुबईला जात, सोनं विकत घेत आणि गलबतांतून ते कोकण-गुजरातच्या किनाऱ्याला उतरवत. ते रुपये तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात आपल्याला पौंड मोजावे लागत. परकीय चलनाची आधीच चणचण. म्हणून १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि खास आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या: घडण ओळखीची, रंग निराळे, क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड'. किंमत आपल्या रुपयाइतकीच, पण भारतात त्या चालत नसत. मोगल लाइनच्या बोटींनी मुंबईहून हजला जाणाऱ्यांसाठी आणखी वेगळ्या नोटा काढल्या, त्यांवर 'हज' असं छापलेलं असे. मुंबईतल्या एका नाण्या-नोटांच्या प्रदर्शनात काचेआडची आखाती नोट मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिथून हलवेना. परदेशातल्या पगारांचा, मोत्यांच्या सौद्यांचा, खजूर-तांदळाच्या हिशेबांचा सगळा भार या कागदाने उचलला होता.

कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार काढला, बहरीनने १९६५ मध्ये. मग ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते, ते साडेसात झाले. दिल्लीत झालेल्या एका निर्णयाने दुबईच्या आणि दोह्याच्या व्यापाऱ्याच्या तिजोरीतली पुंजी रातोरात घटली, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. कतार आणि दुबईने काही दिवस सौदी रियालावर भागवलं आणि त्याच वर्षी दोघांचा मिळून नवा रियाल आणला. ओमानात आखाती रुपया १९७० पर्यंत टिकला.

परिषदेची घडण थोडक्यात सांगतो. इराणमधली क्रांती आणि पाठोपाठ इराण-इराक युद्ध, या धास्तीत २५ मे १९८१ रोजी अबू धाबीत तिची स्थापना झाली. सौदी अरेबिया, कुवेत, बहरीन, कतार, संयुक्त अरब अमिरात आणि ओमान हे सदस्य, कचेरी रियाधला, पहिले महासचिव कुवेतचे अब्दुल्ला बिशारा. वर सहा राष्ट्रप्रमुखांची सर्वोच्च परिषद, तिच्याखाली परराष्ट्रमंत्र्यांची, मग सचिवालय. प्रत्येकाला एक मत. कामकाजाच्या बाबी बहुमताने ठरतात, महत्त्वाच्या बाबींना एकमत लागतं.

या एकमतातच सगळी मेख आहे. सामाईक चलनातून ओमान २००६ मध्ये बाहेर पडला. मध्यवर्ती बँक रियाधला ठेवायचं ठरताच २००९ मध्ये अमिरातीने अंग काढून घेतलं. अर्थतज्ज्ञ तुटीचे आणि व्याजदरांचे निकष पुढे करतात, तेही खरे आहेत. पण माझं मत असं की १९६६ चा चटका सोसलेल्या किनाऱ्यावर आपल्या पैशाची किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या राजधानीत ठेवायला कुणाचं मन धजावलं नसणार.

जिथे प्रतिष्ठेचा सवाल कमी, तिथे ही परिषद चांगली चालते. सहाही देशांच्या वीजवाहिन्या जोडणाऱ्या जाळ्यातून २००९ पासून वीज वाहू लागली. एकाकडे संच बंद पडला तर दुसऱ्याकडून वीज घेता येते. त्याहून भिवंडीच्या जवळची गोष्ट म्हणजे जकात. २००३ पासून बाहेरच्या बहुतेक मालावर सर्वत्र पाच टक्के, आणि तीही माल पहिल्यांदा ज्या बंदरात उतरेल तिथे एकदाच. न्हावा-शेव्याहून निघालेला कंटेनर जेबेल अलीला उतरावा आणि ट्रकने रियाधला जावा, ही वाट त्यामुळे सोपी झाली.

पण जकातीच्या या एकोप्यालाही भेगा गेल्या. जून २०१७ मध्ये सौदी, अमिरात आणि बहरीन या सदस्यांनीच इजिप्तसह कतारवर बहिष्कार टाकला. कतारची एकुलती एक जमिनीवरची सीमा बंद झाली, जेबेल अलीमार्गे येणारा माल अडला, आणि तो ओमानच्या सोहार-सलालाहून फिरून जाऊ लागला. जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उलाच्या बैठकीत समेट झाला. २०२० मध्ये सौदीने अनेक वस्तूंवरची जकात एकट्यानेच वाढवली. २०२१ मध्ये त्याने शेजाऱ्यांच्या मुक्त व्यापार क्षेत्रांत तयार झालेल्या मालाची सवलतही काढून घेतली. त्याचा सर्वांत मोठा फटका अमिरातीला बसला.

बाहेरच्यांशी व्यवहार करताना परिषदेचा हाच स्वभाव दिसतो. युरोपीय संघाशी सहकार्याचा करार १९८८ चा. मुक्त व्यापाराची बोलणी १९९० पासून रखडत २००८ मध्ये थांबली. सिंगापूरशी मात्र त्याच वर्षी करार झाला आणि २०१३ मध्ये अमलात आला. अमेरिकेने सहांची वाट पाहिली नाही. तिने बहरीनशी २००४ मध्ये स्वतंत्र करार केला, सौदीला तो सामाईक जकातीला धक्का वाटला, आणि तरी ओमानही त्याच वाटेने गेला.

भारताने दोन्ही मार्ग धरले. परिषदेशी चौकट-करार २००४ मध्ये झाला, २००६ आणि २००८ मध्ये बोलणी झाली आणि पुढे थंडावली. मग २०२२ मध्ये अमिरातीशी आणि डिसेंबर २०२५ मध्ये ओमानशी स्वतंत्र करार झाले. दरम्यान सप्टेंबर २०२४ मध्ये रियाधला भारत आणि परिषद यांच्या परराष्ट्रमंत्र्यांची पहिली बैठक झाली आणि २०२८ पर्यंतचा संयुक्त कृती आराखडा ठरला. या सहा देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. ही बैठक व्हायला इतकी वर्षं लागली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुटे करार लवकर होतात, हे खरं. पण भिवंडीच्या मागावरून उतरलेलं कोरं (ग्रे) कापड रंगून, गाठी बांधून दुबईला गेलं की अमिरातीच्या कराराची सवलत तिथेच संपते. तोच तागा पुढे रियाधला न्यायचा तर सौदीची जकात भरावी लागते, आणि ती किती हे सौदी ठरवतो. म्हणून सहाही देशांशी एकत्र करार व्हावा या मताचा मी आहे, मग त्याला आणखी काही वर्षं लागली तरी चालतील. त्या करारात कापडाचं मूळ कसं ठरवायचं, सूत कुठलं आणि विणाई कुठली यांपैकी काय धरायचं, हे कलम आपल्या वाटाघाटीवाल्यांनी भिवंडीत येऊन, सायझिंगवाल्यांशी आणि यंत्रमागधारकांशी बोलून लिहावं.