कुबडी, कर्णयंत्र आणि गावची घरपट्टी

अपंग माणसाला चालते-फिरते, ऐकते-वाचते करणाऱ्या साधनांसाठी आपल्या राज्यात पैसाच नाही, अशी जी एक सार्वत्रिक समजूत आहे, ती भंडारा जिल्ह्यापुरती तपासून पाहिली तरी खरी ठरत नाही; उलट दिल्लीच्या मंत्रालयापासून गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत या एका कामासाठी इतक्या निरनिराळ्या थैल्या बांधून ठेवलेल्या आढळतात की, ज्याला एक पाय नाही त्याने नेमक्या कोणत्या कचेरीची पायरी चढावी, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. प्रत्येक थैलीची गाठ सोडण्याची रीत वेगळी, मागितले जाणारे दाखले वेगळे, आणि एकीला दुसरीची खबर नाही.

यांतील सर्वांत मोठी थैली केंद्र सरकारची आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे साल अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्याच सालापासून अपंगांना साधने घेण्यासाठी आणि ती अंगाला नीट बसवून देण्यासाठी साहाय्य करणारी जी योजना चालू आहे, ती तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲडिप’ या नावाने ओळखली जाते. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या आणि ज्याचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांहून अधिक नाही अशा नागरिकाला साधनाची किंमत योजनेतील कमाल मर्यादेपर्यंत पूर्ण मिळते. त्याहून अधिक परंतु ३०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास निम्मी मिळते. तिचाकी सायकल, चाकाची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम अवयव, कर्णयंत्र, पांढरी काठी, ब्रेल लेखनाचा संच अशी ही यादी दीर्घ असून, तीव्र अपंगत्व असलेल्या १६ वर्षांवरील व्यक्तीस बॅटरीवर चालणारी तिचाकीही तीतून मिळू शकते. १९७२ साली स्थापन झालेला कानपूरचा सरकारी कारखाना, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेला ‘अलिम्को’, यांतली बहुतेक साधने तयार करतो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे भरवून ती वाटतो. शिबिर प्रायः दोन टप्प्यांत होते: पहिल्यात मोजमाप व नोंदणी, आणि त्यानंतर काही काळ लोटल्यावर दुसऱ्यात वाटप. लाभार्थी आणि त्याच्या सोबतचा एक माणूस यांच्या प्रवासखर्चाचीही या योजनेत तरतूद आहे, हे मात्र लाखांदूर किंवा पवनीकडच्या खेड्यातून पदराला खार लावून भंडाऱ्याला आलेल्या माणसाला क्वचितच कोणी सांगते.

या सर्व दारांची किल्ली एकच, आणि ती म्हणजे प्रमाणपत्र. जिल्हा सामान्य रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाने तपासणी करून अपंगत्वाची टक्केवारी ठरवली, ‘स्वावलंबन’ या केंद्रीय व्यवस्थेत नोंद झाली आणि वैश्विक ओळखपत्र हाती आले, की मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक या नेहमीच्या सरंजामानिशी अर्ज करता येतो. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले, आणि या वाढीव यादीत सिकलसेलचा समावेश झाला, ही गोष्ट पूर्व विदर्भाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या रक्तविकाराने ग्रासलेल्या तरुणाच्या खुब्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजू लागते, तेव्हा ऐन उमेदीच्या वयात त्याला कुबडीचा आधार घ्यावा लागतो. आणि आजार रक्ताचा असल्यामुळे आपण ‘अपंग’ या सदरात मोडतो याची कल्पना त्याला वा त्याच्या घरच्यांना नसते. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे नाव जुन्या यादीतही होते, तरी बधिर झालेल्या तळपायाचे जखमांपासून रक्षण करणारी मऊ रबराची पादत्राणे हे एक साधनच आहे आणि कुष्ठरोग निर्मूलनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती विनामूल्य मिळतात, ही माहिती अद्याप पुरेशी पसरलेली नाही.

पैशाच्या आधी मात्र साधनाचा विचार झाला पाहिजे, कारण चुकीच्या साधनासाठी मिळालेला पैसा न मिळालेल्या पैशापेक्षाही वाईट. ते साधन पडवीत धूळ खात पडते आणि कागदोपत्री त्या माणसाची गरज भागलेली असते. भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून, चिखलणी झालेल्या शेतातून आणि माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलावाच्या पाळीवरून ज्याचे जाणे-येणे आहे, त्याला रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी घडवलेली चाकाची खुर्ची देऊन काय उपयोग? जयपूर येथे १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या शल्यविशारदांनी मिळून जो कृत्रिम पाय सिद्ध केला, त्याची कीर्ती जगभर पसरण्याचे कारण हेच की, तो घालून माणसाला उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, जोड्याशिवाय चालता येते आणि पाण्या-चिखलातही उतरता येते. रोवणीच्या दिवसांत परहे लावायला वाकणाऱ्या मजुराला याहून अधिक काय हवे? जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून हा पाय गरजूंना एक पैसाही न घेता बसवून देत आली आहे. अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत तर कित्येकदा अनुदानाची वाटच पाहावी लागत नाही, कारण आजच्या साध्या मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची सोय मुळातच असते आणि संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचे वाचक सॉफ्टवेअर फुकट मिळते. तेथे उणीव असते ती शिकवणाऱ्या माणसाची.

इतर थैल्यांची ओळख थोडक्यात करून देतो. जन्मतः बहिऱ्या बालकाला शस्त्रक्रियेने बसवावयाचे कॉक्लिअर इम्प्लांट लाखांच्या घरातले असते. त्यासाठी ॲडिपमध्येच स्वतंत्र तरतूद असून मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिचा कारभार पाहते. मूल पाच वर्षांचे होण्याच्या आत ही धावपळ करावी लागते, म्हणून येथे दिरंगाई अक्षम्य आहे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना समग्र शिक्षा अभियानातून साधने मिळतात आणि त्यासाठी मुख्याध्यापकाचे दार ठोठवावे लागते. पासष्टी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या वृद्धांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसारख्या वस्तूंसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये एकरकमी बँक खात्यात जमा होतात. खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून व्यक्तिगत लाभ देण्यास एरवी मनाई असली, तरी अपंगांच्या तिचाक्या व कृत्रिम अवयव हा तीतला मान्य अपवाद आहे; शिफारस अर्थात खासदारांची लागते.

भंडाऱ्यापाशी आणखी एक थैली आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. २०१५ साली खनिजविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन खाणग्रस्त जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्यात आली, खाणधारकांनी स्वामित्वधनाच्या प्रमाणात त्यांत रक्कम भरावी असे ठरले, आणि हा पैसा प्राधान्याने ज्या बाबींवर खर्च व्हावा त्यांच्या यादीत पिण्याचे पाणी, आरोग्य व शिक्षण यांच्या बरोबरीने स्त्रिया, बालके, वृद्ध आणि अपंग यांच्या कल्याणाचा स्पष्ट निर्देश झाला. खाणीच्या धुळीत राहणाऱ्या गावातील अपंग व्यक्तींची एकत्रित यादी, त्यांच्या प्रमाणपत्रांसह, जिल्हाधिकारी कार्यालयात रुजू केली, तर ती मागणी दयेची न राहता हक्काची होते. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. तेथेही एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा नोंदणीकृत संस्थेने केलेल्या प्रस्तावाला अधिक वजन असते.

येथवरचे विवेचन वाचून कोणाला वाटेल की, मग अडते कुठे? माझ्या मते अडते ते वाटपाच्या दुसऱ्या दिवसापासून. मंडप, हारतुरे, मान्यवरांच्या हस्ते तिचाकीची किल्ली, वर्तमानपत्रात छायाचित्र, हे सारे एका दिवसात आटोपते. अपंगत्व मात्र रोजचे असते. कर्णयंत्राचे लहान बटणासारखे सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतात. मुलाचा कान वाढतो आणि कानातला साचा सैल होऊन यंत्र शिट्टी वाजवू लागते. गुडघ्याखाली कापलेल्या पायाचे टोक पहिल्या काही महिन्यांत आक्रसते, त्यामुळे नेमका बसलेला कृत्रिम पाय ढिला होऊन कातडी सोलवटते. तिचाकीची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. टायर तर त्याआधीच जातो. इम्प्लांटची बाहेरची वायर तुटली की लाखांची शस्त्रक्रिया त्या दिवसापुरती निरर्थक होते. आणि अशा वेळी ॲडिपचा नियम सांगतो की, त्याच कारणासाठी पुन्हा साहाय्य तीन वर्षांनंतर मिळेल. १२ वर्षांखालील मुलांना तेवढी एका वर्षाची सवलत आहे. नियम अन्यायाचा आहे असे मी म्हणत नाही, कारण ज्याला अद्याप काहीच मिळालेले नाही त्याचा हक्क आधीचा. परंतु शेकडो रुपयांच्या सुट्या भागावाचून हजारो रुपयांचे साधन निकामी व्हावे, हा हिशेब कोणत्याही चोख कारभारात बसणारा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना अशा एखाद्या साधनाची गरज आहे आणि त्यांतील जवळजवळ १०० कोटींना ते मिळत नाही. मिळून बंद पडलेल्यांची मोजदाद मात्र कोणी ठेवत नाही.

हा दुसऱ्या दिवसाचा खर्च दिल्लीहून किंवा मुंबईहून भागणार नाही. तो भागवू शकणारी थैली गावातच आहे. राज्यातील प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांनी, आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावे, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. जिल्हा परिषदेच्या वाट्यातून समाजकल्याण विभाग मोठ्या वस्तू देऊ शकतो. ग्रामपंचायतीचे उत्पन्न ते काय? घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर, बाजाराची थोडी आवक. समजा, एखाद्या गावाचे स्वउत्पन्न वर्षाला ४ लाख रुपये आहे, तर त्याचे ५ टक्के म्हणजे २०,००० रुपये होतात. एवढ्यात एकही स्कूटर येत नाही म्हणून ती रक्कम एकतर पडून राहते, नाहीतर गावातील सर्व अपंगांना डोईमागे सारखी वाटून वर्षअखेरीस हिशेब मिटवला जातो. आणि हाती आलेल्या पाचसातशे रुपयांचे काय होते, हे विचारण्याची गरज नाही. परंतु हेच २०,००० रुपये एका तिचाकीची बॅटरी, दोन सायकलींचे टायर-ट्यूब, तीन मुलांच्या कर्णयंत्रांचे वर्षभराचे सेल आणि एखाद्या मजुराला सैल झालेला पाय पुन्हा बसवून घेण्यासाठी नागपूरला जाण्या-येण्याचे भाडे यांवर खर्च झाले, तर गावातील बहुतेक साधने चालू राहतात. साहाय्यक साधने ही बाब या निधीतून मान्य असताना, त्या साधनाचा एक सुटा भाग तीतून वगळण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

त्यासाठी ग्रामसेवकाच्या टेबलावर अर्ज ठेवून परतणे पुरेसे नाही. विषय ग्रामसभेपुढे यावा लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची रूढ रीत असली, तरी पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मार्चपूर्वी ठरत असल्यामुळे जानेवारीची सभा या दृष्टीने सर्वांत उपयुक्त. गावातील कोणाकडे कोणते साधन आहे, ते कोणत्या साली मिळाले, चालू आहे की बंद, आणि बंद असल्यास कोणता भाग हवा व त्याची किंमत काय, एवढ्या चार गोष्टींची यादी आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या मदतीने डिसेंबरात तयार करून ती सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, मागील वर्षीच्या ५ टक्क्यांचा जमाखर्च त्याच बैठकीत वाचून दाखवावयास सांगावे, आणि शिल्लक निघाल्यास ती कोणत्या खात्यावर आहे तेही लिहून घ्यावे.