तेजोमेघांची छायाचित्रे

हिवाळ्याच्या रात्री मृगनक्षत्र उंच आले म्हणजे त्यातील तीन ताऱ्यांच्या बाणाकडे दृष्टी सहज जाते. त्या बाणाच्या किंचित दक्षिणेस एक अंधुक ठिपका आहे. तो तारा नसून तेजोमेघ होय. म्हणजे वायू व धूळ ह्यांचा विस्तीर्ण ढग, ज्यात नवे तारे जन्मास येतात. तेथील प्रकाशास आपणांपर्यंत पोहोचण्यास सुमारे १,३०० वर्षे लागतात. आज दिसणारे किरण निघाले तेव्हा महाराष्ट्रावर बदामीचे चालुक्य राज्य करीत होते. देवयानीतील दीर्घिका तर आपल्या आकाशगंगेसारखे स्वतंत्र तारकाविश्व असून ती सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे.

इतका क्षीण प्रकाश डोळ्यास साठविता येत नाही. छायाचित्राची काच मात्र आलेला प्रकाश तासन् तास जपून ठेवते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. १८८० साली अमेरिकेतील हेन्री ड्रेपर ह्यांनी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ साली अँड्र्यू कॉमन ह्यांनी लंडनजवळील आपल्या घरच्या बागेतून ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याहून सरस चित्र काढले. कॉमन हे व्यवसायाने इंजिनियर. आकाशनिरीक्षण हा त्यांचा छंद होता.

आमच्या प्रांतानेही ह्या कामी हातभार लावला आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले कावसजी नायगमवाला ह्यांनी भावनगरच्या महाराजांच्या व मुंबई सरकारच्या साहाय्याने १८८८ साली पुण्यास वेधशाळा उभारली, आणि १८९१ साली ह्याच तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य हिरवट रेषेसंबंधी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ती रेषा प्राणवायूची आहे, हे कोडे १९२७ साली सुटले.

आज काचेच्या जागी इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आला आहे. चिकाटी मात्र तीच लागते. आकाश ताशी १५ अंश सरकते, म्हणून दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखून तिला यंत्राने त्याच गतीने फिरवावे लागते. मुंबईतून ध्रुव क्षितिजावर अवघा १९ अंश दिसतो. उंच इमारतीमागे तो सहज लपतो. मग एकामागून एक शंभर चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करतात. तेजोमेघ प्रत्येक चित्रात जागच्या जागी असतो, परंतु चित्राचा खरखरीतपणा दर वेळी निराळा पडतो. म्हणून सरासरीत तो सुमारे एक-दशांश उरतो.

लालबाग-परळच्या गच्चीवर मात्र शहराचा उजेडही कॅमेऱ्यात साचतो. तेजोमेघातील हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तेवढा आत सोडणारी गाळणी लावल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते. दीर्घिकांचा प्रकाश बहुतांशी ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा. त्यांस खरा काळोखच हवा. म्हणूनच १९८५ साली मुंबईत स्थापन झालेल्या खगोल मंडळाने आकाशदर्शनासाठी वांगणीची वाट धरली.

पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलांनी अशा एका रात्रीसाठी परवानगी मागितली तर ती द्यावी, आणि गच्चीवरील दिव्यास वरून झाकण घालावे. २५ लक्ष वर्षे वाट चालून आलेला किरण आपल्या दारच्या उजेडात हरवावा, हे आम्हांस उचित वाटत नाही.