सहा तासांनंतरचं आकाश

केपटाऊनला लख्ख ऊन पडलं होतं आणि आमचं विमान रद्द झालं होतं. का, तर चार हजारांवर किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकावरच्या नोवो धावपट्टीवर वारा सुटणार होता. अजून सुटलाही नव्हता! हे ठरवतं कोण, ते बघायचंच, असं तेव्हाच मनाशी घेतलं.

नोवोजवळच्या 'मैत्री' या भारतीय केंद्रावर पोचल्यावर सवड मिळेल तेव्हा हवामान विभागाच्या खोलीत जाऊन बसू लागलो. तिथले निरीक्षक नागपूरचे. "अंदाज आम्ही देत नाही हो," त्यांनी आधीच सांगून टाकलं. अंदाज येतो पश्चिमेकडच्या जर्मन नॉयमायर केंद्राकडून. "आम्ही फक्त दिसतं ते कळवतो."

हा 'फक्त' मला काही पटला नाही.

इल्युशिन विमानाला केपटाऊनहून यायला सहा तास लागतात. म्हणजे उड्डाणाच्या वेळी हवं असतं ते सहा तासांनंतरचं आकाश. वाटेत उतरायला नुसता समुद्र. उपग्रहाच्या चित्रात ढग पांढरा, बर्फही पांढरा. इन्फ्रारेडमध्ये बघावं तर दोन्ही सारखेच थंडगार. दक्षिणेच्या पठारावरची जड, गार हवा उतारानं घसरत येते आणि भुरभुरता बर्फ उडवते. वाऱ्याचा वेग, दाब, तापमान यंत्रं बिनचूक मोजतात.

पण वैमानिकाला धास्ती असते ती वेगळ्याच गोष्टीची. आभाळ भरलं की उजेड ढग आणि बर्फ यांच्यामध्ये उसळत राहतो. सावल्या जातात, क्षितिज जातं, दह्याच्या वाडग्यात उभं राहिल्यासारखं होतं. जमिनीचा चढ कुठला नि खळगा कुठला, काही उमजत नाही.

हे यंत्रांना कळत नाही, म्हणून निरीक्षक अंगावर जाड कोट चढवून बाहेर जातात. दक्षिणेचे डोंगर दिसतात का बघतात. त्यांची अंतरं ठाऊक असल्यानं दृश्यता ठरवता येते. मग मान खाली घालून स्वतःची सावली शोधतात. मीही शेजारी उभा राहून माझी शोधायचो. एकदा दोघांचीही सापडली नाही. "आता सहा तासांनी काय असेल, ते नॉयमायरवाल्यांना विचारा," ते हसून म्हणाले आणि नोंद करायला आत गेले. या नोंदीशिवाय नॉयमायरवाले तरी कशाच्या जोरावर सांगणार?

विमानांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. पुढे हिवाळाभर इथे कुणी उतरत नाही, तरी निरीक्षकांच्या नोंदी बंद होत नाहीत. एवढ्या मोठ्या खंडावर हवामान केंद्रं मोजकीच, आणि जगभरच्या हवामान मॉडेलांना अंटार्क्टिकाची माहिती बाराही महिने लागते.