टेकडीवरचं आरक्षण कसं पडतं, कसं उठतं

मे महिन्यात पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलात, तर पठारावर एखादी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत सुटते. तुमच्या पायाजवळ कुठेतरी तिची अंडी असतात. घरटं असं काही नसतंच. खड्यांमध्ये केलेला उथळ खळगा आणि त्यात मुरमाच्याच रंगाची, गडद ठिपक्यांची चार अंडी. दोन फुटांवर उभं राहिलं तरी ती पटकन दिसत नाहीत.

‘तिथे झाडं कुठे आहेत, नुसता माळ तर आहे,’ असं टेकडीवर घरं बांधू पाहणारे नेहमी म्हणतात. टिटवीला तो माळच लागतो, रातव्यालाही लागतो. पण पीक येत नाही अशा जमिनीला सात-बाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणायची आपली जुनी रीत आहे. बांधकामाची चर्चा सुरू होते तेव्हा तोच शब्द डोक्यात असतो.

पुण्याची हद्द १९९७ मध्ये वाढली आणि २३ गावं महापालिकेत आली. या गावांच्या टेकड्या शहराच्या कडेला होत्या, पुढे त्या मधोमध आल्या. या गावांच्या विकास आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण दाखवलं गेलं. पुणेकर त्याला ‘बीडीपी’ म्हणतात. थोडं बांधकाम होऊ द्यावं की अजिबात नको, यावर वर्षानुवर्षं ओढाताण चालली. एक बाजू चार टक्क्यांवर अडून होती, तर नागरिकांची बाजू शून्यावर. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारने बांधकामाशिवायचं आरक्षण मंजूर केलं.

इथे बरेच जण निर्धास्त होतात. पण आरक्षण पडलं म्हणजे जमीन महापालिकेची झाली, असं नव्हे. सात-बाऱ्यावर मालकाचंच नाव राहतं. त्या जमिनीवर काय करता येईल, एवढंच बदलतं. मोबदला देऊन जमीन ताब्यात घेणं हे वेगळं काम आहे, आणि ते रेंगाळलं की आरक्षण ठिसूळ होतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम १२७ इथे लागू होतं. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठतं. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या आरक्षणाचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा.

मालकांची तक्रारही मला खोटी वाटत नाही. बीडीपीतल्या जमिनीच्या बदल्यात आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवला गेला. एक एकर म्हणजे ४० गुंठे दिले, तर हाती येतो सव्वातीन गुंठ्यांच्या आसपासचा हक्क. पिढ्यान् पिढ्यांची जमीन असलेल्या घराला तो थोडा वाटणारच. मग एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्टँप पेपरवर विकले जातात. पत्र्याची खोली उभी राहते, विजेचं मीटर बसतं आणि काही वर्षांनी ‘आता घरं आहेतच, नियमित करा’ ही मागणी येते. म्हणून नुसतं ‘टेकडी वाचवा’ म्हणणं मला अपुरं वाटतं. ‘संपादनासाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवा’ हेही त्याच दमात म्हणायला हवं.

आरक्षण उठण्याची दुसरी वाट त्याच अधिनियमातल्या कलम ३७ ची, म्हणजे मंजूर आराखड्यात फेरबदल. एखादा सर्व्हे नंबर आरक्षणातून वगळून रहिवास विभागात टाकायचा असेल, तर आधी राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. ती आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. तिच्यात ‘टेकडी’ हा शब्द बहुधा नसतो. गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर एवढंच असतं. हरकती-सूचनांना मुदत एक महिना. कोणीही हरकत घेऊ शकतं, शेजारीच राहायला हवं असं नाही.

हरकत लिहिताना भावनेपेक्षा पत्ता महत्त्वाचा. अर्जाच्या पहिल्याच ओळीत सूचनेची तारीख आणि सर्व्हे नंबर घाला. मग कारणं, प्रत्येक वेगळ्या परिच्छेदात. उतार १:५ किंवा त्याहून तीव्र असेल तर तिथे बांधकामाला नियमांतच मनाई आहे, ते आधी लिहा. जागेवरून ओढा निघतो का, ते लिहा. डोंगरउतारावर पडलेलं पाणी झिजलेल्या, भेगाळलेल्या खडकातून मुरतं आणि पायथ्याच्या विहिरींना मिळतं. वर काँक्रीट झालं की तेच पाणी एकदम ओढ्यात उतरतं. कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याच्या पुराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केलं, हे पुणेकरांना सांगायला नको. पक्षी, झाडं, गवत यांची नोंद द्यायची तर तारखेसह आणि फोटोसह द्या. अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. सुनावणीला बोलावणं आलं की जाच. वेळ थोडा मिळतो, तेव्हा तुमच्याकडे एक नकाशा आणि तीन मुद्दे पुरेत.

शेकडो जणांनी एकाच छापील मजकुरावर सह्या केल्या, तर संख्या दिसते, पण उत्तरही सगळ्यांना मिळून एकच दिलं जातं. पाच जणांनी पाच वेगळी कारणं लिहिली, तर पाचांचा विचार करावा लागतो. ज्या सोसायट्यांना टेकडीची काळजी आहे, त्यांनी कारणं आपसांत वाटून घ्यावीत.

महापालिकेत अर्ज आणि शुल्क भरून तुमच्या टेकडीचा भाग नकाशा आणि झोन दाखला आताच काढून ठेवा. सूचना छापून आल्यावर हातात एकच महिना असतो, आणि त्यातला पहिला आठवडा सर्व्हे नंबर शोधण्यातच जातो.