बार लवकर बंद झाले की रस्त्यावर काय बदलते?

वस्तीजवळच्या बारविरुद्ध मोर्चा निघाला की दोन मागण्या हमखास ऐकू येतात. बार हटवा, आणि हटवता येत नसेल तर निदान लवकर बंद करा. पहिल्या मागणीवर आपल्याकडे खूप बोलले जाते. दुसरी मात्र साधी-सोपी समजून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात बार बंद होण्याची वेळ तासाभराने अलीकडे आणली तरी शहराच्या रात्रीत मोठी उलथापालथ होते. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराने हा प्रयोग केला आणि पुढे मागेही घेतला. म्हणून तो समजून घेऊ.

सिडनीत काय झाले?

किंग्ज क्रॉस हा सिडनीचा रात्रभर जागणारा भाग. २०१२ मध्ये आणि २०१३ च्या अखेरच्या रात्री तिथे दोन तरुणांवर रस्त्यात हल्ला झाला. डोक्याला मार लागून दोघेही दगावले. लोक संतापले आणि न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारने घाईने कायदा केला. २४ फेब्रुवारी २०१४ पासून किंग्ज क्रॉस आणि शहराच्या मध्यभागात रात्री दीडनंतर बारमध्ये नवीन गिऱ्हाईक घ्यायचे नाही आणि तीननंतर दारू द्यायची नाही, असा नियम आला. दुकानातून बाटली नेण्याची विक्रीही राज्यभर रात्री दहाला थांबवली गेली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते दोन्ही हल्ले रात्री नऊ-दहाच्या सुमारास झाले होते. म्हणजे ज्या घटनांमुळे कायदा आला, त्या घटना त्या कायद्याच्या वेळेत बसतच नव्हत्या.

मारामाऱ्या कमी झाल्या का?

झाल्या. राज्याच्या गुन्हे आकडेवारी विभागाने २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार किंग्ज क्रॉसमधील हल्ले ४९ टक्क्यांनी आणि शहराच्या मध्यभागातील १३ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी लगतच्या भागात ते १२ टक्के वाढले आणि न्यूटाउन, बाँडायसारख्या सहज जाता येणाऱ्या भागांत १७ टक्के वाढले. एकूण हिशेब घटीचाच होता, पण त्रासाचा काही वाटा दुसऱ्यांच्या दारात गेला.

सिडनीच्या उत्तरेला असलेल्या न्यूकॅसल शहराचा अनुभव आणखी स्पष्ट आहे. २००८ मध्ये तिथल्या १४ पबची वेळ पहाटे पाचवरून तीनवर आणली गेली आणि काही महिन्यांनी ती साडेतीन झाली. शेजारच्या हॅमिल्टन भागाशी तुलना केल्यावर हल्ल्यांत ३७ टक्के घट आढळली आणि पाच वर्षांनंतरही ती टिकून होती. नॉर्वेतील १८ शहरांच्या अभ्यासात उलट बाजू दिसली. तिथे एक तास जादा दिला की शनिवार-रविवारच्या रात्रीचे हल्ले सुमारे १६ टक्क्यांनी वाढत.

असे का होते?

कारण साधे आहे. तास वाढला की पिणे वाढते. पिणे थांबले की सगळे एकदम रस्त्यावर येतात. टॅक्सी कमी, बस नाही, खाण्याच्या गाडीवर गर्दी, मग धक्का लागला तरी भांडण. म्हणून बंद होण्याच्या वेळेइतकीच घरी जाण्याची सोय महत्त्वाची असते.

पण वेळ जितकी अलीकडे तितके चांगले, असेही नाही. न्यू साउथ वेल्समध्येच १९१६ पासून १९५५ पर्यंत बार संध्याकाळी सहाला बंद होत. पाचला काम सुटलेला कामगार तासाभरात घशाखाली ओतेल तेवढे ओतून सहाला झिंगत बाहेर पडे.

किंमत कोणी मोजली?

सिडनीत दारू विकणाऱ्यांबरोबर वाद्यवृंदातले कलाकार, वेटर, आचारी, सुरक्षारक्षक यांच्याही रात्री गेल्या. कॅसिनो मात्र कायद्याच्या नकाशाबाहेर ठेवला होता. गल्लीतल्या बारला कुलूप आणि बड्या कॅसिनोला मोकळीक, हा भेदभाव लोकांना खुपला. अखेर जानेवारी २०२० मध्ये शहराच्या मध्यभागातून आणि मार्च २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसमधून हे निर्बंध उठवले गेले.

आपल्यासाठी यात काय?

पंचशीलातील पाचवे शील आपण स्वतःहून घेतो. ते पोलिसांच्या शिट्टीने पाळले जात नाही. सरकारी नियमाचे काम वेगळे आहे. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला रस्ता सुरक्षित वाटावा, कोणाचा मुलगा क्षुल्लक भांडणात जाऊ नये, एवढे त्याने साधावे. बाबासाहेबांनीही हा फरक ओळखला होता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदीला विरोध आहे, तो दारूच्या प्रेमापोटी नाही. बंदीमुळे सरकारचा महसूल बुडतो आणि घरोघरी चोरटी भट्टी लागते, हे त्यामागचे कारण होते.

मुंबईत बारची वेळ रात्री दीडची. तेव्हा शेवटची लोकल निघून गेलेली असते आणि पहिली सुटायला पहाटेचे चार वाजतात. टेबले पुसणारा, भांडी घासणारा पोरगा विरार-कल्याणला कसा पोहोचत असेल? त्यात आपल्या वस्तीतली मुलेही आहेत.

म्हणून यापुढे वेळ कमी करण्याचे निवेदन देताना आम्ही तरुण कार्यकर्त्यांना एवढेच सांगू. आधी आपल्या भागात भांडणे नेमकी किती वाजता आणि कुठे होतात, याची पोलीस ठाण्याकडून माहिती मागवा. हाच नियम पंचतारांकित हॉटेललाही लागू होणार का, ते लेखी विचारा. बार बंद झाल्यावर बस कोणती, हे पालिकेला विचारा. आणि शेजारच्या वस्तीलाही सोबत घ्या, कारण आपल्या नाक्यावरून हटलेली गर्दी कदाचित त्यांच्याच नाक्यावर जाऊन उभी राहील.