चव जिभेवर, ओळख मेंदूत

चेन्नईतील मैलापूर येथे कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माडवीथींमध्ये एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या तमिळ नववर्षासाठी कैऱ्या, गूळ आणि कडुनिंबाचा मोहर यांची खरेदी होते. त्यात मीठ-मिरची घालून 'मांगाय पच्चडी' हा पदार्थ केला जातो. महाराष्ट्रात गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने गुळासह खाण्याची जी प्रथा आहे, तिच्याशी याचे नाते जवळचे आहे. पच्चडीत सहाही रस एकत्र येतात, असे परंपरा मानते. तमिळमध्ये त्यांना 'अरुसुवै' म्हणतात. शरीरशास्त्र मात्र मूलभूत चवींची गणना काहीशी वेगळी करते.

जिभेवर दिसणारे बारीक उंचवटे म्हणजे रुचिकलिका नव्हेत. रुचिकलिका या उंचवट्यांच्या आत असतात. प्रौढ व्यक्तीच्या तोंडात त्यांची संख्या साधारण २ ते १० हजार असते आणि प्रत्येकीत ५० ते १०० पेशी असतात. या पेशी सुमारे १० दिवसांनी बदलतात. त्यामुळेच गरम कॉफीने भाजलेली जीभ काही दिवसांत पूर्ववत होते.

अन्नातील द्रव्ये लाळेत विरघळल्यानंतर या पेशींपर्यंत पोहोचतात आणि तेथून तीन मज्जातंतूंच्या जोड्यांद्वारे संदेश मेंदूकडे जातो. गोड, आंबट, खारट, कडू आणि 'उमामी' या पाच मूलभूत चवी आज मान्य आहेत. उमामीचा शोध जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये लावला. ही चव ग्लुटामेटमुळे येते. रस्समधील टोमॅटोतही ते असते. कडू चवीसाठी माणसात सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. अनेक विषारी वनस्पती कडू असल्याने ही एक संरक्षक व्यवस्था मानली जाते.

जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू चव कळते, हा पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेला समज चुकीचा आहे. जर्मन संशोधक हेनिग यांच्या १९०१ मधील निबंधाचा पुढे विपर्यास होऊन तो पसरला. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या सर्व भागांत पाचही चवी कळतात. भागाभागांतील संवेदनक्षमतेत असलेला फरक अल्प आहे.

तिखट ही शास्त्रीयदृष्ट्या चव नव्हे. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहकांना उत्तेजित करते. हा ग्राहक १९९७ मध्ये शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दही अधिक उपयोगी पडते. तमिळ भोजनाच्या अखेरीस येणारा दहीभात या दृष्टीनेही सोयीचा ठरतो. त्याचप्रमाणे कैरीच्या सालीचा तुरटपणा ही मुख्यतः स्पर्शाची संवेदना आहे.

ज्याला आपण स्वाद म्हणतो, त्यात गंधाचा वाटा मोठा असतो. नाक दाबून फिल्टर कॉफी प्यायल्यास केवळ कडूपणा आणि गोडवा जाणवतो, कॉफीचा दरवळ हरवतो. कोविड-१९ च्या साथीत २०२० पासून असंख्य रुग्णांनी 'चव गेली' अशी तक्रार केली. त्यातील अनेकांची प्रत्यक्षात घ्राणशक्ती कमी झाली होती.

वय वाढते तसे गंध आणि चव या दोन्ही संवेदना मंदावतात. काही औषधे, तोंडाची कोरड आणि जस्ताची कमतरता हीदेखील यामागची कारणे असू शकतात. अशा वेळी ज्येष्ठांना आमटी-सांबार अळणी लागते आणि पानात वरून मीठ घेतले जाते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ही सवय घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मिठाऐवजी लिंबू, कढीपत्ता, जिरे किंवा कोथिंबीर यांनी पदार्थाची रुची वाढवता येते. चव किंवा वास जाणे दीर्घकाळ टिकल्यास ते वयाचा परिणाम समजून सोडून न देता कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.