उभ्या गाडीची धडधड

धांवत्या गाडीकडे सर्वांचें लक्ष जातें. उभ्या गाडीच्या एंजिनाकडे फार थोड्यांचें. परंतु एंजिनाच्या प्रकृतीची खरी ओळख तें धांवत असतांना होत नाहीं. भार उतरवून तें संथपणें फिरत असतांना होते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर जी किमान गति उरते, तिला यंत्रशास्त्रांत 'आयडल' म्हणतात. गॅरेजमधील मिस्त्री तिलाच 'स्लो' म्हणतो. ही स्लो फार खालीं गेली, किंवा तींत खंड पडूं लागला, तर त्याचें कारण कोणत्या क्रमानें शोधावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ गाडीवाल्यांचा आहे, असें शहरांतील श्रोत्यांनीं समजूं नये. नाशिक जिल्ह्यांतील ओझर हें गांव १९६४ सालीं स्थापन झालेल्या लढाऊ विमानांच्या कारखान्यामुळें देशभर माहीत झालें. परंतु गांवावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर पहांटे उभें राहिलें, तर दृष्टीस पडतात त्या माल वाहणाऱ्या पिकअप गाड्या. माघ-फाल्गुनांत द्राक्षें, पावसाळा सरतांना टोमॅटो आणि वर्षाचा बराच काळ कांदा, असा माल घेऊन त्या पिंपळगांव बसवंत व लासलगांव येथील बाजारांकडे निघतात. मुंबई-पुण्याच्या ताटांत पडणारा टोमॅटो आपल्या प्रवासाचा पहिला टप्पा बहुधा अशाच गाडींतून करतो. पुष्कळ शेतकऱ्यांपाशीं अशी एकच गाडी असते आणि ती जुनी असते. हंगामांतील एका सकाळीं ती अडून बसली, तर वेलीवरून उतरविलेलें द्राक्ष तिच्या दुरुस्तीची वाट पाहत नाहीं.

ह्या गाड्या बहुतेक डिझेलवर चालतात, आणि डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाहीं. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन एंजिनिअरानें १८९२ सालीं ह्या एंजिनाच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि १८९७ सालीं तें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्याचें तत्त्व असें कीं, हवा पुरेशी दाबली म्हणजे ती इतकी तापते, कीं तींत तेल फवारतांच तें आपोआप पेट घेतें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम होतें, हा अनुभव पुष्कळांचा आहे; तत्त्व तेंच. तेव्हां ह्या एंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेसा दाब, आणि योग्य वेळीं बारीक तुषारांच्या रूपानें येणारें शुद्ध डिझेल. तुषार करणाऱ्या टोंकाला नोझल म्हणतात. १९५१ सालीं स्थापन झालेल्या 'मायको' कंपनीच्या—२००८ सालापासून तिचें नांव 'बॉश' आहे—नाशिक येथील कारखान्यांत अशीं नोझलें बनत आलीं आहेत. म्हणजे ओझरच्या गाडीचें औषध पुष्कळदां तिच्या घराशेजारींच तयार झालेलें असतें.

आतां थोडा हिशेब पाहूं. जुन्या चार सिलिंडरच्या डिझेल एंजिनाची स्लो सामान्यतः मिनिटास ७०० ते ९०० फेरे असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. ती ७५० धरली, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां पेटत असल्यामुळें चौघांचे मिळून मिनिटास १५०० ठोके होतात, म्हणजे सेकंदास २५. अशा वेळीं प्रत्येक फवाऱ्यास लागणारें डिझेल एका थेंबाहूनही पुष्कळ कमी असतें. मोठ्या घांसांतील चार शितें कमी झालीं तर कळत नाहींत. चिमूटभर घांसांतून तींच गेलीं तर तत्काळ कळतें. एंजिनाचेंही तसेंच आहे. एका नोझलानें किंचित् कमी दिलें तर भरधांव गाडींत तें लपून जातें, पण स्लोवर उघडें पडतें. म्हणून स्लो ही एंजिनाची नाडी समजावी.

नाडी पाहतांना हातांत पाना घेण्यापूर्वीं कान द्यावा. एंजिन चांगलें तापूं द्यावें, हातब्रेक ओढावा, गिअर काढावा आणि दोन मिनिटें नुसतें ऐकावें. तक्रारीचे चार प्रकार कानाला निरनिराळे लागतात. पहिला: ठोके सारखे, पण गति मंद. दुसरा: ठोक्यांत ठराविक अंतरानें एक जागा रिकामी, ह्यालाच गाडी 'मिस मारते' असें म्हणतात. तिसरा: गति आपोआप वर चढते, खालीं येते, पुनः चढते. चौथा: एंजिनाचा आवाज नियमित, पण गाडीचा सांगाडा मात्र थरथरतो.

ह्यांपैकीं चौथा प्रकार सर्वांत सोपा. ज्या रबरी बैठकींवर एंजिन टेकलेलें असतें, त्या जुन्या झाल्या, फाटल्या, किंवा त्यांवर तेल गळून त्या फुगल्या, म्हणजे निरोगी एंजिनाचा कंपही थेट आसनापर्यंत पोहोंचतो. बॅटरीच्या प्रकाशांत त्या बैठकी पाहिल्या तर पुष्कळदां एंजिन उघडण्याचा खर्च वांचतो.

पहिल्या प्रकारांत एंजिनावर अधिक ओझें तर पडत नाहीं ना, ॲक्सिलरेटरची तार अडकत तर नाहीं ना, हें आधीं पाहावें. मोठे दिवे किंवा वातानुकूलन चालू करतांच गति दबत असेल, तर तो ओझ्याचा परिणाम होय. थंडीचाही विचार करावा लागतो. ओझर ज्या निफाड तालुक्यांत आहे, तेथें थंडीच्या लाटेंत पारा पांच अंशांखालीं उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा पहांटे वंगण घट्ट होतें, दाबलेली हवा पुरेशी तापत नाहीं, आणि एंजिन कांहीं वेळ पांढरा धूर सोडीत अडखळतें. तें तापतांच सुधारत असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं; मात्र ज्या एंजिनांत हीटर प्लग असतात, तेथें ते तपासून घ्यावे.

तिसऱ्या प्रकारांत संशय प्रथम हवेवर घ्यावा, परंतु ती हवा वेगळी. डिझेलच्या पंपांत गति आवरून धरणारा गव्हर्नर असतो. १७८८ सालीं जेम्स वॅटनें वाफेच्या यंत्रावर बसविलेल्या फिरत्या गोळ्यांच्या योजनेचा तो वंशज. गति घटली कीं तो डिझेल वाढवितो, वाढली कीं तोडतो. डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे येऊं लागले, म्हणजे त्याचा हिशेब चुकतो व गति झोके घेऊं लागते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळींत डिझेल ओढलें जात असतें. त्या भागांतील सैल जोडावर एंजिन चालू असतांना डिझेल बाहेर गळत नाहीं. उलट हवा आंत शोषली जाते. म्हणून जमिनीवर थेंब नाहीं, यास्तव गळती नाहीं, हें अनुमान फसवें ठरतें. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं पुष्कळ वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होणें, ही ह्या दोषाची दुसरी खूण. नळीचा थोडा भाग तात्पुरता पारदर्शक बसविला, कीं बुडबुडे डोळ्यांनीं दिसतात. मग जोड आवळावे, चिरलेली नळी बदलावी, आणि फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंपानें हवा काढावी.

त्याच वेळीं फिल्टरच्या तळचें पाणीही काढून टाकावें. डबे-पिंपांत साठविलेल्या डिझेलांत, आणि रात्रीं अर्धवट रिकाम्या राहिलेल्या टाकींत, पाणी जमण्याचा संभव असतो. तें नोझलांना गंजवितें. फिल्टर तुंबला आहे कीं काय, हें मात्र चढावर कळतें, कारण अधिक डिझेल तेव्हांच लागतें. भरल्या गाडीनें घाट नीट चढतो, पण स्लो बिघडलेली आहे, असें असेल तर फिल्टरवरचा संशय कमी करावा.

उरला दुसरा प्रकार, मिस मारण्याचा. येथें चार सिलिंडरांपैकीं कामचुकार कोण, हें शोधावयाचें असतें. जुन्या यांत्रिक पंपाच्या एंजिनावर अनुभवी मिस्त्री स्लो चालूं ठेवून एकेका नोझलाच्या नळीचा नट किंचित् सैल करतो. आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं, तर दोषी तोच. त्यानंतर त्याचें नोझल शेजाऱ्याशीं बदलून पाहावें. दोष नोझलाबरोबर गेला, तर नोझल तपासावें. दोष जागेवरच राहिला, तर व्हॉल्व्हचें अंतर, म्हणजे मिस्त्रीचें 'टॅपेट सेटिंग', आणि शेवटीं सिलिंडरचा दाब पाहावा. धूरही साक्ष देतो: काळा असल्यास हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून धुळीनें भरलेला हवेचा फिल्टर आधीं पाहावा; निळसर असल्यास वंगण जळत आहे; एंजिन तापल्यावरही पांढराच राहिल्यास डिझेल न जळतां बाहेर पडत आहे, किंवा थंड करणारें पाणी आंत शिरत आहे.

नट सैल करण्याची ही परीक्षा हौशी माणसानें करूं नये. त्या नळींतून सुटणारी धार कातडी भेदून शरीरांत जाऊं शकते, आणि जखम दिसावयास लहान असली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें. अलीकडील 'कॉमन रेल' एंजिनांत दाब हजार वातावरणांच्याही वर असतो. तेथें ही परीक्षा कोणींही करतां कामा नये. तेथें दोष संगणकी यंत्र जोडूनच वाचला जातो. तसेंच बंद शेडमध्यें एंजिन चालूं ठेवून तपासणी करूं नये. डिझेलच्या धुरांतही विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो.

एवढा सारा क्रम टाळून एक झटपट उपाय सर्रास केला जातो. स्लोचा स्क्रू थोडा आंत फिरविला, कीं गति वाढते, धडधड लपते, आणि गाडी बरी झाली असें वाटतें. हें 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' असें झालें. बुडबुडे नळींत तसेच राहतात, नोझल ठिबकतच राहतें, डिझेल मात्र अधिक जळतें. पुढें एखाद्या दिवशीं भर वाहतुकींत एंजिन बंद पडतें. तें बंद पडलें म्हणजे ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ति दोन-चार दाबांतच संपते, आणि तशी सोय असलेल्या गाडीचें स्टिअरिंगही जड होतें. महामार्गाच्या उतारावर, मागें दीड टन माल असतांना, ह्याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको. तो स्क्रू निरुपयोगी नाहीं; पण त्याची पाळी सर्वांत शेवटीं, बाकीचें सर्व ठीक झाल्यावर, तापलेल्या एंजिनावर आणि फेरे मोजणारें यंत्र लावून येते.

ऐकण्यास कांहीं पडत नाहीं. पाणी व हवा काढण्यास घटकाभर लागते. नोझल तपासण्यास एखादा दिवस जातो. आणि एंजिन उघडलें तर हंगामांतील आठवडा जातो. तपास ह्याच क्रमानें चालला, तर बहुतेक गाड्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच आपलें दुखणें सांगतात. माल भरण्यापूर्वींचीं पांच मिनिटें गाडीची नाडी पाहण्यास दिलीं, तर बाजाराची वेळ चुकत नाहीं.